मंगळवारचा उपास

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या माझ्या भाच्याने जाहीर केलं, की कॉलेज सोडून तो पूर्णवेळ ऑप्शन ट्रेडिंग करणार. आमच्या घराण्यात पूर्वी मुलं शिक्षण सोडून नाटकात जायची. तिथे निदान प्रयोग संपल्यावर नाइटचं पाकीट मिळायचं. इथे पाकीटही आपणच द्यायचं.

ताईने मला बोलावून घेतलं. बँकेत मी जन्मभर लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या, पण नातेवाइकांच्या लेखी मी अर्थतज्ज्ञ.

"मामा, कॉलेजात स्वातंत्र्य नाही रे. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते," भाचा म्हणाला. साडेआठच्या लेक्चरला हा मुलगा कधी वेळेवर पोचल्याचं कुणाला आठवत नाही. हल्ली मात्र नऊच्या प्री-ओपनला आंघोळ करून लॅपटॉपसमोर हजर असतो, आणि सव्वानऊ ते साडेतीन जागचा हलत नाही. हजेरी शंभर टक्के, आणि मित्राला सांगून प्रॉक्सी लावायचीही सोय नाही.

मंगळवारी तर तो जेवतच नाही. आजीला वाटतं, पोराने गणपतीचा मंगळवार धरलाय. ती कौतुकाने साबुदाणा भिजत घालते. खरी गोष्ट अशी, की मंगळवारी निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी असते. निफ्टी जागच्या जागी घुटमळत राहिला तरी याने घेतलेल्या कॉलचा प्रीमियम तासातासाने झिजतो, आणि साडेतीनला पुष्कळदा शून्य होतो. खिचडी तशीच राहते. आजी म्हणते, निर्जळी केली वाटतं.

शिक्षणाला कंटाळलेल्या या मुलाने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर क्लास लावला! तिथले सर हूडी घालून शिकवतात. त्यांची महागडी गाडी चित्रफितीत नेहमी उभीच दिसते. नुसतं शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत, असं बाजार-नियंत्रक सेबीने 2025 च्या जानेवारीत बजावलं. म्हणजे आता हा इतिहासाचा तास झाला, आणि इतिहासात भाचा दहावीला जेमतेम पास झाला होता.

मग मी सेबीचाच 2024 चा अहवाल काढला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ, करणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख.

"मी उरलेल्या सात टक्क्यांत," भाचा शांतपणे म्हणाला.

"तुझ्या वर्गात मुलं किती?"

"सत्तर."

"सत्तरांतले सात टक्के म्हणजे पहिले पाच. त्यात तुझा नंबर कधी आलाय?"

तो छताकडे बघू लागला. खर्च वजा जाता लाखावर नफा कमावलेले फक्त एक टक्का निघाले, हे मी सांगितलंच नाही. सत्तरांच्या वर्गात त्या हिशेबाने एक अख्खा मुलगाही बसत नाही.

त्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही खरं. त्याचे काही सिनिअर पदवी आणि ऑफर लेटर दोन्ही घेऊन महिनोन्‌महिने घरी बसले होते. "आधी डिग्री, मग काय तो धिंगाणा," असं दाजी सारखं म्हणतात. पण दाजींचा स्वतःचा 'मग' अजून यायचाय, हे पोरगा रोज बघतो.

शेवटी माझ्या आवाक्यातला विषय काढला, प्राप्तिकर. एफ अँड ओचा तोटा हा धंद्यातला तोटा मानतात, आणि विवरणपत्र वेळेत भरलं तर तो 8 वर्षं पुढे ओढता येतो.

"एटीकेटीच की ही!" भाचा खुलला.

"हो, पण चार वर्षांच्या दोन डिग्र्या होतील एवढी लांब."

तो बराच वेळ गप्प होता. मग लॅपटॉप अर्धवट मिटून त्याने विचारलं, "मामा, हा धंदाच आहे ना? मग माझी कॉलेजची फी धंद्याच्या खर्चात दाखवता येईल?"

मी लगेच ताईला आत बोलावलं. म्हटलं, पोरगा वाया गेलेला नाही, नुसती शाखा चुकलीय.

"मी दहावीपासून सांगत होते, कॉमर्सला घाला," ताई म्हणाली, आणि दाजींकडे असं बघितलं, की ते चपला घालून दूध आणायला निघाले. दूध सकाळीच आलं होतं.