साहेबांचा माणूस

हजेरीपटावर त्याचं नाव आहे, पण कार्यालयात ते कुणी घेत नाही. 'साहेबांचा माणूस' म्हटलं की शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

2020 साली राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि सकाळची वेळ पावणेदहाची झाली. ती आमच्यासाठी. हा साडेअकराला येतो तो थेट केबिनमध्ये. दार मुद्दाम अर्धवट उघडं ठेवतो, म्हणजे आतलं हसणं बाहेर ऐकू यावं. साहेबांचे विनोद आम्हाला पाठ आहेत. हा मात्र दर वेळी नव्याने खिदळतो आणि शेवटी डोळे पुसतो. रुमाल त्यासाठीच बाळगत असावा. वर्षाच्या 8 किरकोळ रजा आमच्या गणपतीच्या आतच संपतात. याच्या डिसेंबरातही शिल्लक, कारण हा सासुरवाडीला गेला तरी 'साहेबांच्या कामाने' गेलेला असतो.

आणि काम? विधिमंडळाचा तारांकित प्रश्न आला, की साहेब स्वतः उठून माझ्या टेबलापाशी येतात. "हे तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय." लेखापरीक्षणाचे आक्षेप, माहिती अधिकाराचे अर्ज, सगळं हात बसलेल्यांच्या गळ्यात. त्याच्याकडे 'समन्वय' आहे. म्हणजे आम्ही पुरी केलेली फाइल उचलायची, आत न्यायची आणि म्हणायचं, "झालं, साहेब!"

बदल्यांच्या 2005च्या कायद्यात कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा, त्यामुळे साहेब बदलतात. दर वेळी आम्हाला आशा वाटते. पण नव्या साहेबांचं सामान उतरायच्या आत गॅसची जोडणी आणि मुलाचा शाळाप्रवेश यानेच केलेला असतो. परक्या गावात एवढं कोण करतं, असं साहेबांना वाटणारच. वाटू दे. गॅस आणला म्हणून त्याला घरी बोलावून पोहे खाऊ घाला; त्याच्या वाटची फाइल माझ्या टेबलावर कशाला?

गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं, म्हणून हल्ली ती वाचायला तरी मिळते. जो टिपणीच लिहीत नाही, त्याच्या टिपणीत चूक निघणार कुठून? यंदा त्याला 'अत्युत्कृष्ट' मिळालं. मला 'निश्चित चांगला', आणि खाली शेरा : 'टिपणीत चुका आढळतात.' साहेबांनी चूक काढली ती टिपणी त्याच्या टेबलाची होती.