दहा मिनिटांची कोळंबी

काही नवरे रोज स्वयंपाक करतात; त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. काही नवऱ्यांना गॅसचं बटण कुठे फिरवायचं तेही ठाऊक नसतं. त्यांच्याविषयी भरपूर लिहून झालं आहे. या दोघांच्या मधली एक जात आहे, ती फक्त रविवारी उगवते. या जातीच्या माणसाला एकच पदार्थ येतो. तो झटपट होतो. आणि चवीला उत्तम होतो. घरच्यांची पंचाईत होते ती या शेवटच्या गुणामुळे.

आमचे भावोजी या जातीतले अग्रगण्य. राहायला ठाण्याला, पदार्थ कोळंबी तवा फ्राय. शनिवारी रात्री जेवताना ते हात धुता धुता जाहीर करतात, "उद्या बायकांनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. कोळंबी मी करतो. दहा मिनिटांचं तर काम!" हे ऐकून माझी ताई उठते आणि आलं-लसूण आहे का ते बघून ठेवते. तिच्या सासूबाई मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घालतात. उद्या आराम आहे हे दोघींनाही कळलेलं असतं.

रविवारी संकष्टी आली तरी बेत बदलत नाही. सासूबाईंनी कॅलेंडरकडे बोट केलं की भावोजी म्हणतात, "आई, देव असल्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालत नाही."

सकाळी आठला ते पिशवी घेऊन बाजारात. भाऊच्या धक्क्यावरून पहाटे माल आणून बसलेल्या कोळणीसमोर ते उकिडवे बसतात आणि कोळंबी एकेक उचलून बघतात. डोकं धडाला घट्ट आहे का, साल चकचकीत आहे का, वास समुद्राचा येतो की औषधाचा, हे सगळं त्यांना खरोखरच कळतं. कळतं ते मनात ठेवणं मात्र त्यांना जमत नाही. सोलट कुठली, टायगर कुठली, करंदी कशात घालावी, हे ते त्या कोळणीलाच समजावून सांगतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी असते, तेव्हा बाजारात 'ताजी' म्हणून येते ती कोळंबी कुठली असेल, यावर त्यांचं व्याख्यान आहे. ते त्यांनी जानेवारीतही दिलेलं मी ऐकलं आहे. कोळीण ऐकून घेते, वाटा पिशवीत टाकते आणि विचारते, "सोलून देऊ का, शेठ? वरती थोडं द्या."

"छे, छे! घरीच सोलतो. खरी मजा त्यातच आहे."

ही मजा ताईच्या वाट्याला येते. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून ती बसते. डोकं मोडायचं, साल उतरवायची, पाठीला बारीक चीर देऊन काळा दोरा ओढायचा. भावोजी खुर्ची घेऊन समोर. "दोरा म्हणू नकोस त्याला, ते आतडं असतं. राहिलं तर कचकच लागते. आणि शेपटी ठेव हं, धरायला बरी पडते." किलोभर कोळंबी सोलल्यावर जेमतेम निम्मी उरते. "एवढीच?" असं म्हणून ते वर्तमानपत्राकडे अशा नजरेने बघतात, की बाकीची ताईने खाल्ली असावी.

तिकडे सासूबाईंनी आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक वाटून ठेवलेली असते. भाचीने रवा आणि तांदळाचं पीठ ताटात मिसळलेलं असतं. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ हाताशी असतं. लोखंडी तवा घासूनपुसून शेगडीवर बसलेला असतो. इथे भावोजी बाह्या सरसावून प्रवेश करतात. सत्यनारायणाला यजमान जसा सगळी मांडामांड झाल्यावर पाटावर येऊन हाताला हात लावून मम म्हणतो, तसं ते वाटणाच्या वाटीला हात लावतात आणि मोबाईलवर गजर लावतात. दहा मिनिटं सुरू होतात ती या क्षणापासून.

आता खरं सांगायला हवं. या दहा मिनिटांत ते एकही चूक करत नाहीत. कोळंबी फडक्यावर कोरडी करून घेतात, कारण ओली कोळंबी तळत नाही, उकडते. मीठ आणि आगळ अगदी शेवटी लावतात. आधीपासून लावून ठेवलं तर पाणी सुटतं आणि रवा चिकट होतो. तवा नीट तापल्याशिवाय एकही तुकडा पडत नाही. तव्यावर गर्दी नाही. एका बाजूने दोन मिनिटं, उलटायची एकदाच, दुसऱ्या बाजूने दोन मिनिटं. कोळंबी अर्धी वळली की उतरवायची. शेपटी डोक्याच्या बाजूला टेकली म्हणजे ती चिवट झाली. भाचीला ते सांगतात, "ही राखाडी कोळंबी तांबूस कशी होते? रंग तिच्या अंगात आधीपासूनच असतो. प्रथिनाने धरून ठेवलेला. उष्णता लागली की प्रथिन ढिलं पडतं आणि रंग सुटतो." भाची हे अनेकदा ऐकून बसलेली असते, तरी मान डोलवते. तिला पहिल्या घाण्यातली कोळंबी हवी असते.

गजर होण्याआधीच ताट तयार. बाहेरून कुरकुरीत, आत रसाळ. तक्रार करायला जागाच नाही. भावोजी सगळ्यांची तोंडं एकेक करून बघतात आणि कोणी काही म्हणायच्या आत म्हणतात, "बघा! तुम्ही बायका उगाच दिवसभर ओट्याशी राबता."

मागे उरतं ते असं: तेल उडालेला ओटा, भिंतीवर पिठाचे हात, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सालं. रविवारी कचऱ्याची गाडी कधीच येऊन गेलेली असते, म्हणून ती पुडी घट्ट बांधून फ्रीझरमध्ये सोमवारची वाट बघते. डोकी मात्र सासूबाई फेकू देत नाहीत. त्या ती तेलावर परततात, ठेचतात, गाळून घेतात आणि त्या पाण्यात नारळाचा रस घालून कालवण करतात. कोळंबी संपली की सगळे भातावर ते कालवण दोनदोनदा घेतात. त्याला किती वेळ लागला, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी भावोजी पिशवी घेऊन आले, तर ताई आणि सासूबाई दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून तयार. "गडकरी रंगायतनला सकाळचा प्रयोग आहे," ताई म्हणाली. "पोरीलाही नेतो. तुमचं काय, दहा मिनिटांचं काम. आम्ही आलो की जेवायलाच बसू." मीही बरोबर होतो. भावोजींनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आत किलोभर कोळंबी होती, डोक्यांसकट. "या, या, निवांत या," ते म्हणाले. पण आवाज शनिवारचा नव्हता.

दुपारी दोनला परतलो. घरात तळणाचा वास नाही, ओटा लख्ख, भावोजी सोफ्यावर देवासारखे बसलेले. टेबलावर भात, दही आणि एक झाकलेली कढई.

"कोळंबी?" भाचीने विचारलं.

"फ्रीझरमध्ये ठेवलीय. अगं, आज संकष्टी. तुमच्या कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

सासूबाईंनी चष्मा लावून कॅलेंडर बघितलं. संकष्टी गुरुवारी होऊन गेली होती. त्यांनी काही न बोलता चष्मा काढला आणि पानं घेतली. ताईने कढईवरचं झाकण उचललं. बटाट्याच्या काचऱ्या होत्या. एक काचरी तिने चिमटीत धरली, उजेडाकडे नेली आणि भावोजींकडे पाहिलं.

"साल काढायची नसते," भावोजी म्हणाले. "सगळं सत्त्व सालीतच असतं."