वजन, टोपी आणि हेलिकॉप्टर : ऑशकॉश येथील एका स्वयंसेवेचा अभ्यास

विमान पाहायचे तर मान वर करावी लागते, हा सार्वत्रिक नियम असला, तरी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश या गावी दरवर्षी जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या हवाई मेळाव्यात एक वर्ग असा आढळतो की, ज्याची नजर आठवडाभर जमिनीवर, लोकांच्या पायांवर आणि फार तर त्यांच्या टोप्यांवर खिळलेली असते. हा वर्ग म्हणजे हेलिकॉप्टरच्या तळावर काम करणारे स्वयंसेवक होत. प्रस्तुत लेखात या वर्गाचा विचार त्याच्या एका प्रतिनिधीच्या आधारे केलेला असून, हा प्रतिनिधी म्हणजे सातारा आगारातून वाहतूक नियंत्रक या पदावरून निवृत्त झालेले, शिकागोच्या उपनगरातील मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि तिसऱ्याच महिन्यात घरातली सगळी वर्तमानपत्रे वाचून संपवलेले एक गृहस्थ होत. त्यांनी काहीतरी करावे, ही इच्छा त्यांच्यापेक्षा त्यांच्या सुनेची अधिक होती, असे मानण्यास जागा आहे.

शिकागोहून मोटारीने उत्तरेकडे निघाल्यास साधारण तीन तासांत ऑशकॉश येते. वाटेत मक्याची शेते, दुधाच्या डेअऱ्या आणि पुन्हा मक्याची शेते लागतात. त्यामुळे प्रवासवर्णनकाराने या भागावर शब्द खर्च करू नयेत, हे उत्तम. विनेबागो नावाच्या अफाट तलावाच्या काठी वसलेल्या या गावाचे नाव मेनॉमिनी या आदिवासी जमातीच्या एका प्रमुखाच्या नावावरून पडले असून, लहान मुलांच्या डुंगऱ्यांचा जगप्रसिद्ध छाप याच गावचा आहे. गावाची वस्ती सत्तर हजारांच्या आत आहे. पण 2024 च्या मेळाव्याला सुमारे 6 लाख 86 हजार माणसे आली, म्हणजे यजमान एक आणि पाहुणे दहा, असे प्रमाण पडते. आषाढीच्या जादा गाड्या सोडण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या आपल्या गृहस्थांनी हा आकडा ऐकून फारशी दाद दिली नाही. त्यांनी फक्त ‘मुक्काम किती?’ एवढेच विचारले, आणि माणसे विमानाच्या पंखाखालीच तंबू ठोकून आठवडाभर राहतात, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला.

हा मेळावा भरवणारी संस्था ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. पॉल पोबेरेझ्नी या वैमानिकाने 1953 मध्ये मिलवॉकी येथे ती स्थापन केली, पहिला मेळावाही त्याच वर्षी तेथेच भरला, आणि पुढे रॉकफर्डमार्गे फिरत 1970 पासून तो ऑशकॉशला स्थिरावला. नावातील ‘एक्सपेरिमेंटल’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याचा प्रयोगशाळेशी संबंध नसून घरामागच्या गॅरेजशी आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः बांधला असेल, तर ते या वर्गात मोडते, आणि आत बसणाऱ्या प्रवाशाला हे यंत्र नेहमीच्या प्रवासी विमानांच्या कसोट्यांना उतरलेले नाही, असे सांगणारी पाटी समोर लावावी लागते. अशा पाटीकडे पाहत हसतमुखाने बसणाऱ्या पत्नींची संख्या ऑशकॉशला लक्षणीय आहे. आपल्याकडे कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभे केले आणि 2016 मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, तेव्हा लोकांना जे नवल वाटले, तेच नवल येथे रांगांनी उभे असते आणि त्याच्या सावलीत त्याचा निर्माता घडीच्या खुर्चीवर डुलक्या घेत असतो.

विमानांच्या आगमनाची पद्धत वाहतूकशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी अशी आहे. दृष्टीवर अवलंबून उडणारी छोटी विमाने प्रथम रिपन या गावावर येतात, तेथून रेल्वेचे रूळ पाहत एकामागे एक फिस्क या खेड्याकडे सरकतात आणि तेथे जमिनीवर उभे असलेले, गुलाबी सदरे घातलेले हवाई वाहतूक नियंत्रक त्यांना रंगावरून आणि आकारावरून हाक मारतात. नेहमीच्या विमानतळावर वैमानिक व नियंत्रक यांच्यात जो संवाद चालतो, तो येथे एकतर्फी असतो, कारण सर्वांनी बोलायचे ठरवले तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. म्हणून वैमानिकाने सूचना कळल्याची खूण म्हणून फक्त पंख डोलवायचे असतात. गुबुगुबु वाजताच मान डोलावणारा नंदीबैल ज्याने पाहिला आहे, त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात आणि एकाच पट्टीवर एकाच वेळी दोन-तीन विमाने आपापल्या ठिपक्यावर उतरवली जातात. उतरल्यावर वैमानिक काचेआडून एक कागदी पाटी दाखवतो, जिच्यावरील अक्षरांवरून जमिनीवरच्या स्वयंसेवकांना हे विमान तळ ठोकणारे आहे की नुसते उभे राहणारे, घरी बांधलेले आहे की जुन्या काळचे, हे कळते. गाडीच्या कपाळावर ‘सातारा–स्वारगेट विनाथांबा’ ही पाटी नसेल, तर आगारात काय गोंधळ होतो, याचा पस्तीस वर्षांचा अनुभव असलेल्या गृहस्थांना ही व्यवस्था परकी वाटली नाही. अक्षरे फार बारीक काढतात, एवढीच त्यांची तक्रार होती.

मेळाव्यात काम करणाऱ्या पाच हजारांहून अधिक स्वयंसेवकांपैकी ज्यांच्या वाट्याला हेलिकॉप्टर येते, त्यांची जागा मुख्य धावपट्ट्यांपासून दूर, संस्थेच्या संग्रहालयामागे असलेल्या ‘पायोनियर एअरपोर्ट’ या गवताळ विमानतळावर असते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील छोटा विमानतळ कसा दिसत असेल, याची ही जपून राखलेली प्रतिकृती असून तेथून पाहुण्यांना ‘बेल 47’ या हेलिकॉप्टरमधून काही मिनिटांची फेरी मारता येते. या यंत्राची ओळख थोडी सविस्तर करून देणे उचित होईल. 8 मार्च 1946 रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळवणारे हे पहिले हेलिकॉप्टर होय. समोर साबणाच्या फुग्यासारखी पारदर्शक काच, तिच्या मागे उघडे इंजिन आणि त्याच्या मागे शेपूट म्हणून जोडलेली, कापड न चढवलेली लोखंडी जाळी, असा त्याचा देह आहे. प्रथम पाहणाऱ्यास कारागीर काम अर्धवट टाकून जेवायला गेला असावा, असे वाटते. परंतु न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हाच देह 1984 मध्ये कलाकृती म्हणून जिन्यावर टांगला. त्याचा रचनाकार आर्थर यंग याने अनेक वर्षे एकांतात छोट्या प्रतिकृती उडवत पाती स्थिर ठेवणारा दांडा शोधून काढला आणि हेलिकॉप्टर उडू लागताच उर्वरित आयुष्य तत्त्वज्ञान व फलज्योतिष यांना वाहिले. हेलिकॉप्टरजवळ एक आठवडा काम केलेल्या कोणालाही हे स्थित्यंतर अनाकलनीय वाटणार नाही.

स्वयंसेवकाचे पहिले शिक्षण दिशेचे असते. हेलिकॉप्टरच्या शेपटीवरील लहान पंखा फिरू लागला की, डोळ्यांना जवळजवळ दिसेनासा होतो आणि म्हणूनच तो यंत्राचा सर्वांत घातक भाग ठरतो. सबब प्रवाशाने नेहमी समोरून, वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यात, किंचित वाकून यावे आणि त्याच वाटेने परत जावे, असा नियम आहे. वाकण्याचे कारण असे की, मोठी पाती संथ फिरत असताना किंवा वाऱ्याच्या झोताने खाली झुकू शकतात. दोन प्रवासी उतरून दुसरे दोन चढेपर्यंत इंजिन बंद करीत नाहीत, कारण प्रत्येक फेरीला ते थांबवले तर रांग पुढच्या जुलैपर्यंत संपायची नाही. एस.टी. सुरू ठेवून प्रवासी चढवण्यात हयात गेलेल्या गृहस्थांना यात धोका दिसण्याऐवजी कार्यक्षमता दिसली आणि त्यांची मागून चढण्याची सवय मोडून काढण्यासाठी प्रशिक्षकाला तीन वेळा शेपटीकडे बोट दाखवावे लागले, ही नोंद अभ्यासाच्या प्रामाणिकपणासाठी करणे भाग आहे.

दुसरे शिक्षण वाऱ्याचे. हेलिकॉप्टर हवेत तरंगते, याचा अर्थच असा की, ते स्वतःच्या वजनाएवढ्या बळाने हवा खाली ढकलत असते; प्रवाशांसह हजार किलोंच्या वर जाणारे यंत्र जमिनीलगत तरंगू लागले की, ही हवा गवतावर आदळून चारही दिशांना पसरते आणि वाटेत येणारी प्रत्येक सैल वस्तू उचलते. सैल वस्तूंना विमानतळावर ‘एफ.ओ.डी.’ असे आद्याक्षरी नाव असून, यंत्राला इजा करू शकणारा कोणताही परका पदार्थ असा त्याचा अर्थ आहे. या व्याख्येत टोपी, कागदी कप, नकाशा, भाजलेल्या सॉसेजचे वेष्टन आणि तळलेल्या चीज-कर्डचा द्रोण हे सर्व येते. (चीज-कर्ड म्हणजे दही नव्हे, विस्कॉन्सिनचे हे चीजचे ताजे गोळे दाताखाली रबरासारखे कुईंकुईं वाजतात, आणि गृहस्थांनी ते एकदाच खाल्ले.) टोपी ही यातील मुख्य समस्या होय, कारण ऑशकॉशला येणारा माणूस टोपीवर मागील वर्षांचे बिल्ले मिरवतो आणि ती काढ म्हटले की, वारकऱ्याला माळ उतरवायला सांगितल्यासारखे त्याचे तोंड होते. महाराष्ट्रात ज्या एका साधनावर प्रवासाची सारी नीती उभी आहे, ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचे साधन या तळावर पूर्णपणे निरुपयोगी ठरते. तेथे टाकलेला रुमाल जागा धरीत नाही, तर पाते धरतो.

तिसरे शिक्षण वजनाचे आणि येथे शास्त्र संपून मुत्सद्देगिरी सुरू होते. बेल 47 मध्ये वैमानिक आणि दोन प्रवासी एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात. यंत्र एका उभ्या दांड्याला लटकलेले असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य त्या दांड्याच्या जवळपास ठेवावा लागतो, अन्यथा यंत्र तराजूच्या जड पारड्यासारखे एकीकडे कलते आणि वैमानिकाच्या हातातील दांडा त्याला सावरण्यास अपुरा पडू शकतो. म्हणून प्रत्येकाचे वजन विचारावे लागते. अनोळखी स्त्रीला, तिच्या पतीच्या देखत, भडक रंगाचे जाकीट घालून आणि इंजिनाच्या आवाजामुळे ओरडून वजन विचारणे, ही क्रिया कोणत्याही संस्कृतीत सोपी नाही. लोकांनी सांगितलेले वजन हे बहुधा त्यांच्या लग्नाच्या वेळचे असते. तळाशेजारी काटा ठेवलेला असतो तो याचसाठी. पण काट्यावर उभे राहिल्यावरही पाणी, बूट, कॅमेरा आणि न्याहारी यांच्या नावाने सूट मागण्यात येते. अर्धे तिकीट काढलेल्या मुलाचे खरे वय मिशीवरून ठरवण्याची सवय असलेल्या गृहस्थांनी येथे असामान्य प्रावीण्य मिळवले. ते काट्याकडे पाहत नसत, पायऱ्या चढताना होणाऱ्या आवाजाकडे लक्ष देत.

वजनांची जोडी जुळवणे हे त्याहून नाजूक काम आहे, कारण एकत्र आलेले दोघे वजनाने एकत्र बसतीलच असे नाही. अशा वेळी नवऱ्याला एका परक्या बारीक गृहस्थाबरोबर आणि बायकोला एका शाळकरी मुलीबरोबर पाठवावे लागते. वधूवरसूचक मंडळाचे काम जेथे पत्रिकेच्या छत्तीस गुणांवर चालते, तेथे या तळावर ते फक्त पाउंडांवर चालते, आणि निकाल त्वरित दिसतो, एवढाच काय तो फरक. जोडपी तुटल्याची नाराजी फार तर पंधरा मिनिटे टिकते. दोघे वेगवेगळे उतरतात आणि आपल्याला जास्त उंच नेले, यावर वाद घालीत एकत्र निघून जातात.

निघण्याच्या खुणेबाबत मात्र दोन परंपरांचा खरा संघर्ष घडला. दरवाजा लागला, पट्टा आवळला आणि स्वयंसेवक बाजूला झाला की, त्याने अंगठा वर करायचा असतो. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल; त्यामुळे गृहस्थांनी पहिल्या दिवशी अंगठा दोनदा वर केला, आणि एकाच होकाराला सरावलेला वैमानिक दुसऱ्या अंगठ्याचा अर्थ शोधत तसाच बसून राहिला. त्यानंतर त्यांनी एकच अंगठा करण्याचे मान्य केले, परंतु ओठांनी ते ‘टिंग टिंग’ म्हणत असत आणि कानांवर आवाज थोपवणारे आवरण असल्यामुळे ते कोणालाही ऐकू जात नसे.

दुपारी मुख्य मैदानावर कसरतीची विमाने उडू लागली की, संपूर्ण मेळाव्याच्या माना वर होतात. तळावरचा स्वयंसेवक मात्र त्या आवाजाकडे पाठ करून टोप्या मोजत असतो. ढगांचा गडगडाट सुरू झाला तर फेऱ्या थांबतात आणि सर्वजण छपराखाली उभे राहतात, तेव्हाच काय ती वर पाहण्याची संधी मिळते, पण त्या वेळी वर पाहण्यासारखे काही उडत नसते. विस्कॉन्सिनच्या जुलैतील पाऊस सातारकराला पाऊस वाटत नाही. तरीही 2010 साली त्याने मैदानांचा असा चिखल केला की, त्या मेळाव्याला लोकांनी ‘स्प्लॉशकॉश’ असे टोपणनाव दिले.

शेवटच्या दिवशी, रांग ओसरल्यावर, एक जागा रिकामी राहिली आणि गृहस्थांना चढण्यास सांगण्यात आले. आठवडाभर त्यांनी दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आता त्यांना एका कॉलेजवयीन मुलीने, अत्यंत अदबीने, विचारला. त्यांनी क्षणभर विचार करून उत्तर किलोत दिले, कारण तो आकडा पाउंडांच्या निम्म्याहून कमी भरतो. मुलीने काट्याकडे बोट केले. गृहस्थांनी शिट्टी काढली, टोपी काढली, खिशातले आल्याच्या वड्यांचे पुडके काढून ठेवले आणि वर पाय ठेवण्यापूर्वी सांगून टाकले की, सकाळी न्याहारी अंमळ जास्त झाली होती.