चेहरा पुरे, आता नडगी बघा

साठीच्या बाईने क्रीमची डबी उघडली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आता या वयात कशाला?’ पुरुषाने उघडली तर नुसतेच हसतात. मला या प्रश्नाचा राग येतो. गुडघ्याला तेल, डोळ्यांत औषधाचे थेंब, कवळी रात्री पाण्यात, हे सगळं घराला मान्य असतं. त्वचेची निगा म्हटली की मात्र ते नटणं ठरतं. खरं तर निगा लागते ती याच वयात. विशीतली त्वचा दुर्लक्ष निभावून नेते, सत्तरीतली नेत नाही.

वय वाढतं तशा तैलग्रंथी मंदावतात, वरच्या थरात ओलावा टिकत नाही. बहुतेकदा आधी बोलते ती नडगी. तिथे खवले दिसतात, बारीक चिरा पडतात, पांघरुणात ऊब आली की खाज सुटते. माणूस झोपेत खाजवत राहतो, नखांनी जखमा होतात. घरचे म्हणतात उष्णता झाली, आणि सब्जा भिजत घालतात. पुढे कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक होते. पलंगाच्या कडेला हात घासला, घड्याळाचा पट्टा ओढला गेला, तरी सोलवटते, आणि ती जखम भरायला फार दिवस घेते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वृद्धनिवासांत याच दुखण्यावर अभ्यास झाला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी रहिवाशांच्या हातापायांना दिवसातून दोनदा बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावलं, बाकी ठिकाणी नेहमीचंच चालू ठेवलं. दोनदा लावलं तिथे कातडी फाटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मला विचाराल तर म्हातारपणातल्या क्रीमची एवढी चांगली जाहिरात कुणी केलेली नाही. ती कुठल्याही होर्डिंगवर मात्र दिसत नाही, कारण नडगी कुणाला विकत घ्यायला लावत नाही.

करायचं काय? कढत पाण्याची आंघोळ सोडा, कोमट घ्या. साबण काखेत, जांघेत, पावलांना पुरे, रोज अंगभर फेस करायची गरज नाही. अंग टिपा, खसाखसा पुसू नका, आणि ओलसर असतानाच क्रीम लावा. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ सालचं आहे. ओलावा अडवून धरण्यात ती आजही महागड्या बरणीला हार जात नाही. टाचांच्या भेगांना कोकणात कोकमतेल लावतात, ते लावा. उटणं दिवाळीच्या पहाटे जरूर लावा, पण कोरड्या त्वचेवर रोज डाळीचं पीठ घासू नका. आणि एवढं करूनही खाज आठवड्यामागून आठवडे जात नसेल तर डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचे आजार कधी कधी खाजेतूनच कळतात. खरूजही असू शकते, आणि ती घरभर पसरते.

आता चेहरा. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बाईच्या त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. बाजाराने हे वाक्य उचललं आणि कोलॅजेनचं क्रीम काढलं. पण साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट त्वचेतून आत जात नाही, आणि कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. तो वरच बसतो, वरचा थर थोडा ओला ठेवतो आणि तोंड धुताना मोरीत जातो. ते काम पन्नास रुपयांची डबीही करते. पन्नाशीच्या बाईच्या धास्तीवर हजारो रुपये कमावणारा हा धंदा मला संतापजनक वाटतो.

सुरकुत्यांवर काहीच चालत नाही, असंही नाही. ट्रेटिनॉइन चालतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी त्याला १९९५ साली मान्यता दिली. ते औषध आहे, सुरुवातीला आग होते, साली निघतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच. आणि चालतो तो उन्हापासूनचा बचाव. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. मर्जीनुसार सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या तुलनेत रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वय झाल्याच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. ती माणसं बहुतांश गोरी. आपल्या सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात, आधी येतात वांग आणि काळे डाग, पण तेही उन्हानेच वाढतात.

गाडीच्या काचेआड बसलो म्हणजे सुटलो, असं समजू नका. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापून आला. खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा जपायचा तो उजवा गाल. कांदा काढणाऱ्या बाईला मी सनस्क्रीनची ट्यूब सुचवणार नाही, घामात ती टिकणार नाही आणि मजुरीत परवडणार नाही. शर्टाच्या लांब बाह्या, डोक्यावरून ओढलेला पदर आणि दुपारची सावली, हे तिला मिळायलाच हवं.

माझी खरी भीती वांगावरच्या क्रीमची आहे. औषधाच्या दुकानात नुसतं नाव सांगून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, क्रीम सोडलं की पेटते. अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकण्यावर सरकारने २०१८ साली बंधन आणलं, तरी काउंटरवर चिठ्ठी मागतं कोण? काही गोरेपणाच्या क्रीममध्ये तर पारा असतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला. उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेली डबी घरात असेल तर आजच फेकून द्या, ती कुणीही दिलेली असो.

आईवडिलांकडे जाताना भेट म्हणून सीरमची बाटली नेऊ नका. बिनवासाच्या क्रीमची मोठी बरणी न्या, आणि पाठीला तुम्ही लावून द्या, त्यांचा हात तिथवर पोहोचत नाही. मधुमेह असेल तर मोजे काढायला सांगून तळपाय उजेडात नीट बघा. तिथली भेग दुखत नाही म्हणूनच चिघळते. टाचेला क्रीम भरपूर लावा, पण बोटांच्या बेचक्यात लावू नका, तिथे ओल साचून चिखल्या होतात.