अक्षरी रुपये एक हजार फक्त

मार्च लागला की अर्थपुरवण्यांना पालवी फुटते. नवी करप्रणाली घ्यावी की जुनी, ८०सीचे दीड लाख कुठे बसवावेत, बारा लाखांपर्यंत कर नाही तर उरलेल्या पैशांचं करावं काय, असे जीवघेणे प्रश्न सुटू लागतात. शेवटच्या पानावर निवृत्तीच्या नियोजनाचे तज्ज्ञ असतात. त्यांच्या मते आपल्या लोकांच्या तीन खोडी आहेत. लवकर सुरुवात करत नाहीत, नेमाने भरत नाहीत आणि मधेच पैसे काढून घेतात.

या तज्ज्ञांना एकदा सोलापुरातून कुंभारीच्या बाजूला नेऊन सोडायला हवं. विडी घरकुलात त्यांची आदर्श गुंतवणूकदार मांडीवर सूप घेऊन बसलेली आहे. सुरुवात? हाताला विडीचं वळण पडलं तेव्हाच झाली. नेम? प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा विडी धंद्याला १९७७ साली लागू झाला. घरी बसून विड्या वळणारी बाई आमची कामगार कशी, असं म्हणत कारखानदार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९८५ साली कोर्टाने सांगितलं की कामगारच. म्हणजे 'म्युच्युअल फंड सही है' असं टीव्हीवाले सांगू लागले त्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई फंड भरते आहे. आणि मधेच काढणं म्हणाल, तर पोरीच्या लग्नाला फंडातून काही उचललंही असेल. पण पेन्शनच्या हिश्शाला दहा वर्षांच्या सेवेनंतर हातच लावता येत नाही. तज्ज्ञ ज्याला 'लॉक-इन' म्हणतात ते याहून कडक कुठे मिळायचं?

आता फळ बघू. १९९५ च्या पेन्शन योजनेचं सूत्र सोपं आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पगार तीन हजार धरा, सेवा वीस वर्षं. वीस पुरी केल्याबद्दल सरकार दोन वर्षं कृपेची घालतं, म्हणजे बावीस. उत्तर येतं ९४३ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये झाली, म्हणून वरचे सत्तावन्न मिळतात. एवढ्या रकमेवर आयकर किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. नियोजन तेवढं बिनचूक आहे.

हे हजार रुपये आकाशातून पडलेले नाहीत. २०१३ साली राज्यसभेच्या याचिका समितीने किमान तीन हजार द्या, असं सुचवलं होतं. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. तीनातला एक आला. पुढे कोश्यारी स्वतः राज्यपाल होऊन महाराष्ट्रात आले आणि २०२३ साली परतही गेले. राहिलेले दोन काही त्यांच्या सामानातून उतरले नाहीत.

महागाई सहा टक्के धरा, असं तज्ज्ञ नेहमी सांगतात. सहा टक्क्यांनी भाव बारा वर्षांत दुप्पट होतात. २०१४ च्या हजाराला त्या हिशेबाने बारा वर्षांनी दोन हजार व्हायला हवं, तेही नुसतं जागच्या जागी उभं राहण्यासाठी. पण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. महागाईचं गणित दिल्लीत कुणाला येत नाही असं मात्र समजू नका. खासदारांनी २०१८ साली आपला पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधून घेतला. मार्च २०२५ मध्ये माजी खासदारांची पेन्शन पंचवीस हजारांवरून एकतीस हजार झाली, तीही १ एप्रिल २०२३ पासून. लवकर सुरुवात करा म्हणतात ती ही अशी.

हजार तरी सुखासुखी हातात पडतात का? दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला अंगठ्यावर मिळतो, आणि आयुष्यभर पानं कातरून, विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन म्हणतं, जुळत नाही. शिवाय फंडात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि तेलुगू आडनावाचं स्पेलिंग कारकुनागणिक वेगळं. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, हे चांगलं झालं. फक्त त्याला स्मार्टफोन लागतो, आणि तो नातवाबरोबर बाहेर गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र सोलापूरने तज्ज्ञांना न विचारता करून दाखवली. घर भाड्याचं बरं की स्वतःचं, यावर पुण्या-मुंबईत चर्चासत्रं होतात. इथे लाल बावट्याच्या मोर्चांतून, माकपच्या आडम मास्तरांच्या पाठपुराव्यातून कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली मनमोहनसिंग चाव्या द्यायला आले. पुढे तिथल्याच रे नगर वसाहतीतल्या तीस हजारांतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला १९ जानेवारी २०२४ रोजी मोदी आले. दोन पक्षांचे दोन पंतप्रधान, आणि मांडव तिसऱ्याचा. विडी वळणाऱ्या बाईची म्हातारपणाची सर्वांत भक्कम ठेव तीच. तिचा परतावा किती टक्के, हे पुरवणीत कधी छापून आलेलं मी पाहिलं नाही.

आता नात अठराची झाली. तिच्यासाठी अटल पेन्शन योजना तयार आहे. महिना ४२ रुपये भरायचे, बेचाळीस वर्षं भरायचे, आणि साठीला दरमहा मिळणार हजार रुपये. होय, तेच हजार. तज्ज्ञांच्याच सहा टक्क्यांनी भागलं तर आजच्या नव्वदीच्या आत. मोठी रक्कम हवी तर पाच हजारांपर्यंत पर्याय आहेत, हप्ताही त्या मानाने. निर्णय मात्र लवकर घ्या. चाळिशीनंतर योजनेत प्रवेश नाही.