यजमानांचे नियम

खेडची पोरं परदेशी शिकायला जातात, तिकडच्या यजमान कुटुंबात राहतात. भाडं आगाऊ, फ्रिजमधला एक कप्पा आपला, रात्री दहानंतर अंघोळ बंद आणि सुकट भाजायची तर नावच नको. इकडे आई फोनवर हळहळते, "मेल्यांना माणुसकी कशी ती नाही!" (खालच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरांचं पाणी तीच नऊला बंद करते, ते वेगळं.)

याच खेड तालुक्यातल्या शेरवलीत १८५८ साली धोंडो केशव कर्वे जन्मले. त्या काळीही शिकायला परक्या गावी गेलेली गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. भाडं कुणी मागत नसे, जात मात्र आधी बघत. गोरी यजमानीण निदान एवढंच विचारते, शेंगदाणे चालतात ना?