षट्चक्रधारी

योगशास्त्र सांगतं की माणसाच्या देहात सहा चक्रं असतात. एडिंबराच्या उपनगरात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, बऱ्या पगाराच्या एका जातीच्या माणसाकडेही सहाच असतात. फक्त ती गॅरेजमध्ये असतात आणि त्यांत हवा भरावी लागते. तीन सायकली, सहा चाकं. पहिली हार्डटेल: पुढच्या चिमट्यात शॉकअप, मागे काही नाही, दगडावरून गेली की बातमी थेट माकडहाडापर्यंत. दुसरी ट्रेल बाइक: पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, १३०-१४० मिलिमीटर दबणारे. तिसरी एंड्युरो: १७० मिलिमीटर, पंधरा-सोळा किलो वजन, जिन्यावरून उतरली तरी जिना होता हे कळू न देणारी. या तिघींच्या मालकाला आपण षट्चक्रधारी म्हणू. शनिवारी सकाळी त्याला पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेसच्या जंगलात जायचं आहे. मार्ग ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, सोबती ठरलेले आहेत. सायकल ठरलेली नाही. ती मंगळवारपासून ठरते आहे.

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की तो गॅरेजात शिरतो. ऑफिसची पँट तशीच, पायात स्लिपर. एका हाताने भिंत धरून तो एंड्युरोवर बसतो, जराही न हलता, श्वास रोखून. मग तितक्याच हळुवारपणे उतरतो आणि मागच्या शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी कडं किती सरकलं ते पट्टीने मोजतो. बसणाऱ्याच्या वजनाने मागचा शॉकअप साधारण ३० टक्के दबावा असं शास्त्र आहे. याचा २८ टक्के दबलेला असतो. थोडी हवा सोडायची, पुन्हा बसायचं, पुन्हा पट्टी. टायरचंही तेच. डिजिटल मापक २३ पीएसआय दाखवतो. उद्या पाऊस असेल तर २२ बरे, पण एखादा धारदार दगड लागला तर रिमला मार बसेल, म्हणून साडेबावीस. तोवर मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲपवर 'उद्या कुठली?' हा प्रश्न तिसऱ्यांदा पडलेला असतो आणि आधी उत्तर द्यायला कुणीही तयार नसतो, कारण एकाने हार्डटेल आणली आणि बाकीच्यांनी एंड्युरो, तर दोन्ही पक्षांना दिवसभर खुलासे करावे लागतात. एवढ्यात बायको दारातून डोकावून विचारते, "तिन्हींवर तूच बसणार ना?" हा प्रश्न त्याला विषयाला सोडून वाटतो. खरं तर त्या आठवड्यात या विषयावर याहून नेमकं कुणीच बोललेलं नसतं.

अशा माणसाचं निदान लोक झटपट करतात: हौशी, पैसा जास्त झालेला, जाहिरातींना भुललेला. हे निदान पुरेसं नाही. पैसेवाला हौशी माणूस महागातली महाग एक सायकल घेऊन मोकळा होतो; तो मंगळवारपासून झुरत नाही. षट्चक्रधारीच्या दुखण्याचं मूळ तो जिथे जातो त्या जागेत शोधावं लागतं. ब्रिटनच्या सरकारी वनखात्याची, म्हणजे फॉरेस्ट्री कमिशनची, स्थापना १९१९ ची. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई भासली, म्हणून देशभर सूचिपर्णी झाडांच्या लागवडी झाल्या. १९९० च्या दशकात उत्तर वेल्समधल्या कोइड-अ-ब्रेनिन इथल्या जंगलात, दाविद डेव्हिस या वनकर्मचाऱ्याच्या पुढाकाराने, खास माउंटन बाइकसाठी वाटा बांधायला सुरुवात झाली आणि तो नमुना ब्रिटनभर पसरला. दक्षिण स्कॉटलंडमधलं 'सेव्हन स्टेन्स' हे जाळं त्याच वंशातलं, आणि ग्लेनट्रेस त्यातलंच. या वाटा डोंगरात सापडलेल्या नसतात, रस्त्यासारख्या बांधलेल्या असतात. चिखल होऊ नये म्हणून खडी दाबलेली, पाणी साचू नये म्हणून उतार काढलेला, वळणावर चाक बाहेर जाऊ नये म्हणून मातीचा बांध घातलेला. अवघडपणाप्रमाणे हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिलेले. जागोजागी खांब, खांबावर बाण, आणि अरुंद वाटांवर वाहतूक एकेरी. कुठे वळायचं, कुठे उडायचं, कुठे दम खायचा, हे वाट बांधणाऱ्याने काही वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेलं असतं.

गंमत अशी की सायकलवाल्यासाठी स्कॉटलंडइतका मोकळा मुलूख ब्रिटनमध्ये दुसरा नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलीला घोडेवाटांवर मुभा मिळाली, पायवाटांवर नाही. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने, जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही जवळपास सगळ्या डोंगररानात सायकलीसकट फिरण्याचा हक्क देऊन टाकला. नकाशा पसरावा, डोंगर निवडावा, ओढ्याला पाणी किती असेल याचा अंदाज बांधावा, चुकावं, मागे फिरावं, सगळं कायदेशीर. षट्चक्रधारी यातलं काही करत नाही, आणि त्याची कारणं रास्त आहेत. दुपारी दोनला मुलीचा पोहण्याचा वर्ग असतो. डोंगराला ते माहीत नसतं, ट्रेल सेंटरला, म्हणजे अशा बांधलेल्या वाटांच्या जागेला, असतं. साडेनऊला निघालं की बाराच्या सुमाराला वाट त्याला बरोबर गाडीपाशी, म्हणजे कॅफेपाशी, आणून सोडते. मात्र या खात्रीची किंमत मोजावी लागते. पंगतीत मीठ कुठे, चटणी कुठे, भात कधी, हे सगळं वाढप्यांच्या हाती असतं. आपल्याला फार तर पाट निवडता येतो, म्हणून माणसं पाटावरून रुसतात. आठवडाभर निर्णय घेण्याचाच पगार घेणारा हा माणूस शनिवारी निमूटपणे बाणांमागे फिरतो, आणि त्याच्या हाती दोनच निर्णय उरतात: कुठली सायकल आणि कुठला केक. केक कॅफेत काय शिल्लक आहे त्यावर ठरतो. म्हणजे एकच उरला. डोंगरात जे पंचवीस निर्णय घ्यायचे, त्या सगळ्यांची शक्ती तो या एकात ओततो.

षट्चक्रधारी हे ऐकून उसळेल. म्हणेल, फरक खरा असतो, हा मनाचा खेळ नाही. मान्य. दोन-तीन किलो जास्त वजन उभ्या चढावर पायांना कळतं, आणि खडकाळ उतारावर १७० मिलिमीटरचा शॉकअप अशा चुका पोटात घालतो ज्या हार्डटेल चारचौघांत जाहीर करते. पण हा फरक दोन टोकांना जाणवतो, आणि आपले गृहस्थ कायम मधल्या लाल वाटेवर असतात. वनखात्याच्या वर्गवारीत सायकलींबद्दल जे सांगितलं आहे ते फार साधं आहे: हिरव्या वाटेला जवळपास कुठलीही सायकल चालेल, निळीला साधी माउंटन बाइक, लालला चांगल्या प्रतीची. लाल, पण १४० मिलिमीटर असेल तरच, असं कुठल्याही फळ्यावर लिहिलेलं नाही. कोइड-अ-ब्रेनिनच्या पहिल्या वाटा ज्यांनी गाजवल्या त्यांच्याकडे २६ इंची चाकं होती, पुढे जेमतेम ६०-८० मिलिमीटरचा शॉकअप होता, आणि अनेकांच्या ब्रेकला साधं रबर होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रॉस-कंट्रीची जागतिक अजिंक्यपद शर्यत याच ग्लेनट्रेसच्या जंगलात झाली. ती जिंकणाऱ्या टॉम पिडकॉकसकट सगळे ज्या जातीच्या सायकलींवर होते, त्यांचा शॉकअप साधारण १००-१२० मिलिमीटरचा असतो, म्हणजे षट्चक्रधारी ज्याला 'लालसाठी जरा कमीच' म्हणतो तेवढा. आणि जून २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांगच्या विश्वचषक डाउनहिल शर्यतीत ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. तो बिनचेनचा खाली आला आणि पहिला आला. यावर उत्तर येतं, "पिडकॉक तो पिडकॉक, ग्विन तो ग्विन." अगदी बरोबर. सायकलीपेक्षा वर बसलेला माणूस महत्त्वाचा, हेच तर म्हणणं आहे. फक्त ते आता षट्चक्रधारीच्या तोंडून आलं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मोठा शॉकअप माणसाला वाचवतो, मग एंड्युरोच नेलेली काय वाईट? वाचवतो खरा, पण त्या भरवशावर माणूस आणखी जोरात जातो आणि वाचवलेलं तिथल्या तिथे खर्च करून टाकतो. हातपाय शाबूत ठेवणाऱ्या गोष्टी तिन्ही सायकलींना सारख्याच लागू आहेत: टायरची नक्षी शिल्लक आहे का, ब्रेकचे पॅड किती झिजले, चाकाचा आस घट्ट आहे का. रबरी कडं पट्टीने मोजणारा माणूस पॅड मात्र क्वचितच बघतो, कारण पॅड बघण्यात निवड नसते. झिजलं तर बदलायचं, संपलं. तिसरा आक्षेप बाजाराचा: कंपन्यांनीच त्याला बनवलं. हेही अर्धवट खरं. २६ इंची चाक गेलं, २९ आलं, मधलं साडेसत्तावीस आलं, मग पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस आलं. एका सायकल-पत्रकाराने 'डाउनकंट्री' ही जात थट्टेने काढली, ती कंपन्यांनी गंभीर चेहऱ्याने कॅटलॉगात घातली. सरकारनेही हातभार लावला. १९९९ पासून ब्रिटनमध्ये नोकरदाराला कामावर जाण्यासाठी करसवलतीत सायकल घेता येते, आणि ती मुख्यतः त्याच कामासाठी वापरावी अशी अट आहे. षट्चक्रधारीची ट्रेल बाइक त्याच योजनेतली असते आणि तिने ऑफिस एकदा पाहिलेलंही असतं. पण नुसत्या बाजाराने माणूस एवढा अडकत नाही. जिथे निर्णयांची उपासमार आहे तिथेच निवडीचं दुकान चालतं. सायकलवाल्यांत एक सूत्र प्रसिद्ध आहे, की सायकलींची योग्य संख्या म्हणजे सध्या आहेत त्यांत एक मिळवून. त्या हिशोबात पाय किती, हे येत नाही.

या निवडीचा आणखी एक उपयोग असतो, तो गाडीतळावर दिसतो. तिथे मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी गाडीच्या मागे काय लटकलंय ते बघतात. "अरे, आज हार्डटेल?" या प्रश्नात कौतुक आणि संशय समसमान असतात. हार्डटेल आणली की उतारावर मागे पडण्याचा परवाना मिळतो. एंड्युरो आणली की चढावर. ट्रेल बाइक दोन्हीकडे थोडा थोडा परवाना देते, म्हणून ती सर्वांत जास्त बाहेर निघते. वाट सगळ्यांना एकच, बाण एकच, पाऊसही एकच. शनिवारपर्यंत पाय आणि फुप्फुसं बदलता येत नाहीत. तेव्हा मागे राहण्याचं कारण एकाच बदलत्या गोष्टीला चिकटू शकतं, आणि ते आदल्या रात्रीच तयार करून ठेवावं लागतं. अलीकडे चौथी, विजेची सायकल येऊ घातली आहे. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे तिची मोटर २५० वॉटची आणि तिची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. 'गुडघ्यासाठी' अशी तिची ओळख करून दिली जाते. पण तिच्यावर बसून चढावर मागे पडलं तर सांगणार काय, या एका काळजीने खरेदी लांबली आहे.

पुण्याहून कामानिमित्त तिकडे गेलेल्यांतही ही जात चांगली रुजू शकते. एके काळी सायकलींचं शहर म्हणून गाजलेल्या गावात घराला एक सायकल असे, आणि ज्यांच्याकडे तीही नसे ती मंडळी तासाच्या भाड्याने आणत. भाड्याच्या दुकानातही निवड होतीच. रांगेतल्या सायकलींचे ब्रेक दाबून बघायचे, घंटी वाजवायची, हवा अंगठ्याने चाचपायची आणि जी चालेल ती घ्यायची. तो निर्णय मिनिटाभरात होई, कारण पुढे कुठे जायचं, कसं जायचं आणि कुणाच्या घरासमोरून दोनदा जायचं, हे मोठे निर्णय बाकी असत.

म्हणून षट्चक्रधारीला हसावं, पण त्याच्या सायकली विकायला लावू नयेत. दोन विकल्या तर तो उरलेल्या एकीच्या टायरमध्ये अडकेल, आणि टायर एकच ठेवला तर साडेबावीस पीएसआयमध्ये. महिन्यातून एक शनिवार त्याने बाणांवाचून काढावा: नकाशा घेऊन पीबल्सच्या आसपासच्या मोकळ्या डोंगरात जावं आणि वाट स्वतः ठरवावी. त्या दिवशी गॅरेजचं दार उघडल्यावर हाताला येईल ती सायकल त्याला पुरेल. उरलेल्या शनिवारी लाल वाटेला तिन्ही चालतात. तेव्हा, षट्चक्रधारी महाराज, कुठलीही न्या. फक्त आज रात्री ते रबरी कडं मोजण्याआधी ब्रेकचे पॅड बघा, आणि सकाळी जरा लवकर निघा, कारण उशिरा पोचलात तर गाडी लावायला जागा मिळणार नाही.